डब्यातली बटणं

दर शुक्रवारी रात्री मी बटणं मोजते. पत्र्याच्या जुन्या डब्यातून साठ बटणं निवडायची, दहा-दहाच्या सहा ओळी लावायच्या आणि एका पसरट डबीत भरून ठेवायची. शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या चर्चच्या बालमंडळातली बारा-तेरा मुलं येतात. ती गेली की पुन्हा मोजणी. साठच्या साठ भरली पाहिजेत. बटण दिसायला गरीब, पण लहान मूल ते तोंडात घालतं, नाकात कोंबतं. म्हणून पाच वर्षांखालच्या भावंडांना मी पुठ्ठ्याच्या मोठ्या चकत्या देते आणि बटणांचा हिशेब ठेवते.

चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुलं बरीचशी चौबे कॉलोनीतली आणि शेजारच्या समता कॉलोनीतली, म्हणून चार वर्षांपूर्वी हे मंडळ आमच्या व्हरांड्यात आलं. महाराष्ट्र मंडळाची इमारत आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1935 साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे रायपूरच्या मराठी माणसाचं हक्काचं ठिकाण. गणपतीतल्या कार्यक्रमांना आम्हीही जातो. तिथल्याच ओळखीतून गल्लीतल्या एका वहिनींशी माझं जाणं-येणं सुरू झालं. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा शनिवारी आमच्या फाटकाच्या गजांना धरून उभा राहायचा. आत मुलं बटणाची भिंगरी फिरवत असत आणि तिचा घूं घूं आवाज रस्त्यापर्यंत जाई.

एके दिवशी भाजीच्या गाडीपाशी वहिनींनी विचारलं, "ताई, तुम्ही मुलांना तिथे नेमकं काय शिकवता हो?"

"बटण लावायला," मी म्हटलं.

त्या हसल्या, मीही हसले. पण प्रश्न हसण्यावारी जाणारा नव्हता, हे दोघींनाही कळत होतं. छत्तीसगडमध्ये एखाद्या ख्रिस्ती बाईच्या घरी मुलं जमत असतील, तर हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. कुणी फाटकाशी विचारतो, कुणी ठाण्यात जाऊन. त्याचं खरं उत्तर मला द्यायचं होतं, आणि ते देण्यासाठी मला माझ्याच डब्याचा इतिहास पाहावा लागला.

डबा आजीचा. ती नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकली आणि आजोबांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे रायपूरला आली. कुठलाही कपडा फाटून चिंध्या व्हायच्या आधी ती त्याची बटणं कापून घ्यायची. त्यामुळे डब्यात तीन-चार पिढ्यांचे कपडे आहेत. रेल्वेच्या कोटाची पितळी बटणं आहेत, स्वेटरची लाकडी आहेत, माझ्या फ्रॉकची लाल प्लास्टिकची आहेत, आणि सर्वांत खाली शिंपल्याची, पातळ, उजेडात धरली की निळी-गुलाबी दिसणारी बटणं आहेत. अशी बटणं बिहारमध्ये चंपारणातल्या मेहसी या गावी विसाव्या शतकाच्या आरंभापासून होत आली. तिथल्या नदीतला शिंपला गोल कापायचा, घासायचा, भोकं पाडायची. त्याच सुमारास अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या मस्कटीन गावात योहान बोपल नावाच्या जर्मन कारागिराने 1891 साली हाच धंदा सुरू केला होता, आणि पाहता पाहता ते गाव जगाला बटणं पुरवू लागलं. आजीच्या डब्यातली शिंपल्याची बटणं यांपैकी कुठली, हे बटण सांगत नाही.

आपल्याकडे बटण जुनं आणि नवंही. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात शिंपल्याच्या, भोकं पाडलेल्या चकत्या सापडल्या आहेत, पण त्या बहुधा शोभेच्या होत्या. बटण अडकवायला शिवलेलं काज युरोपात तेराव्या शतकाच्या आसपास रूढ झालं. आपली बाराबंदी बंदांनी बांधायची आणि अंगरखाही बंदांनीच. दोऱ्याची गाठ मारून केलेली गुंडी होती, तिला अडकवायला दोऱ्याचा फासा होता. 'बटण' हा शब्द इंग्रजीतून आला. 'काज' मात्र त्याच्याही आधी पोर्तुगिजांबरोबर आलं असं कोशकार मानतात. पोर्तुगीजमध्ये 'काझा' म्हणजे घर, आणि शिंप्याच्या भाषेत बटणाचं घर. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा एका मुलीने शर्टाचं बटण काढलं, पुन्हा घातलं आणि म्हणाली, "आला घरी."

आजीला शाळेत काज करायला शिकवलं होतं. आधी कापडावर खूण, मग चीर, मग चिरेच्या कडेने एकाला एक चिकटून टाके, दोन्ही टोकांना आडवा टाका. मिशनच्या मुलींच्या शाळांमध्ये शिवण सुरुवातीपासून होतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईला उतरले आणि 1824 साली त्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. सिंथिया फरार या शिक्षिका 1827 साली आल्या, पुढे नगरला गेल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायची प्रेरणा मिळाली, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो. या शाळांमध्ये वाचन-लेखनाबरोबर सुई-दोरा असे, कारण मुलीने अक्षरं शिकून काय करायचं, या पालकांच्या प्रश्नाला शिवण हे समजण्याजोगं उत्तर होतं.

म्हणजे मिशनमधलं हातकाम कधीच नुसतं हातकाम नव्हतं. ते पालकांना दिलेलं कारण होतं, अनाथ मुलीच्या पोटापाण्याची सोय होती, आणि परदेशातल्या देणगीदारांना दाखवायचा पुरावाही होता. रविवारच्या शाळेचंही असंच. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी 1780 साली ती सुरू केली, तेव्हा मुलांना आठवड्यातून एकच सुटीचा दिवस मिळे आणि त्या दिवशी ती रस्त्यावर उंडारत. त्यांना वाचायला शिकवायचं आणि वळण लावायचं, हा हेतू. खेळ त्यात नव्हता. उलट, खेळ हेच तिथे दुखणं मानलं गेलं होतं.

मराठी मुलखात हा सांधा बदलला तो पंडिता रमाबाईंमुळे, असं मला वाटतं. 1886 ते 1888 या काळात त्या अमेरिकेत होत्या आणि फिलाडेल्फियात त्यांनी बालोद्यान पद्धतीचं शिक्षण घेतलं. ही पद्धत जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांची. लहान मूल खेळातून शिकतं, म्हणून त्याच्या हातात आधी लोकरीचे रंगीत चेंडू द्यायचे, मग लाकडाचा गोल, घन, दंडगोल. पुढे विणणं, टोचणं, शिवणं. फ्रोबेलने आपल्या या साहित्याला जो शब्द वापरला, त्याचा अर्थ 'भेट' किंवा 'देणगी'. रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं ते विधवा मुलींसाठी. पाटी-पुस्तक आणि शिवणाच्या जोडीला बालोद्यानाचा विचार त्यांच्याबरोबर तिथे आला.

पण त्याच शारदा सदनात वहिनींचा प्रश्न विचारला गेला. धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती करायची नाही, मुलींनी आपापल्या रीतीने राहायचं, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. 1893 साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

मी ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे लहानपणी हा प्रसंग ऐकला तो रमाबाईंच्या बाजूने. दार उघडं ठेवणं यात गुन्हा काय? आता स्वतः मुलं गोळा करू लागल्यावर मला दुसरी बाजूही दिसते. जी मुलगी विधवा आहे, जिला माहेरी-सासरी जागा नाही, जिचं जेवण, कपडे, शिक्षण या एका बाईच्या हाती आहे, तिला उघडं दार कसं दिसत असेल? रमाबाईंच्या मनात ओढून घेण्याचा हेतू नव्हता, हे मी मानते. पण मुलीच्या बाजूने पाहिलं तर आत जाणं सोपं होतं आणि न जाणं किती सोपं होतं, हा प्रश्न उरतोच. सल्लागार गेले, मुली नेल्या गेल्या. ज्यांना न्यायला कुणी नव्हतं, त्यांचं काय, हे त्या भांडणात फारसं कुणी विचारलं नाही.

न्यायला कुणी नसलेल्या मुली तर पुढे हजारोंनी झाल्या. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले. पहिल्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि तिथून शेकडो मुली केडगावला घेऊन गेल्या. मुक्ती सदन उभं राहिलं ते या मुलींसाठी. त्या तिथे मराठी शिकल्या, विणकाम, शिवण, छपाई शिकल्या. त्या वाचल्या, ही गोष्ट सगळ्यांत मोठी. त्या ख्रिस्ती झाल्या, हीही गोष्ट खरी. भुकेने मरणाऱ्या मुलीला भाकरी आणि धर्म एकाच हातून मिळाला, तर तिने काय निवडलं आणि काय नाही, हे आज कुणालाही ठामपणे सांगता येणार नाही.

छत्तीसगडात ही गाठ आणखी घट्ट होती. हा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांकडे आला. बिंबाजी भोसले 1758 पासून रतनपूरला राहून कारभार पाहत. इथली मराठी वस्ती त्या काळापासूनची, म्हणजे आमच्या मंडळाच्या कितीतरी आधीची. 1818 नंतर इंग्रजांनी कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं. मग 1868 साली ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी अमेरिकेतल्या एका जर्मन इव्हॅन्जेलिकल संस्थेतर्फे इथे आले आणि रायपूरच्या उत्तरेला बिश्रामपूर हे गाव त्यांनी वसवलं. गुरू घासीदासांच्या सतनामी पंथातले लोक तिथे येऊन राहू लागले. मिशन नुसतं धर्मोपदेशक नव्हतं, ते गावाचं मालगुजारही होतं. जमीन, बियाणं, औषध, शाळा आणि दुष्काळात धान्य, सगळं एकाच दारातून. ज्याच्या शेतात आपण नांगर धरतो, त्याच्याच प्रार्थनेला आपण जातो, तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं देणाऱ्यालाही जमत नाही आणि घेणाऱ्यालाही.

याच्या अगदी उलट गोष्टही याच मुलखाच्या वाटेवर घडली. 1893 सालीच, शारदा सदनात वादळ चालू असताना, नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. राजनांदगाव रायपूरपासून सत्तर किलोमीटरवर. आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचं कवितेवर, संस्कृतवर बोलणं झालं. उतरताना त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं म्हणाला. टिळक तिशी ओलांडलेले, विद्वान, वाद घालायला तयार. त्यांनी पुस्तक वाचलं, भांडले, पत्रव्यवहार केला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुस्तक ही भेटच होती. पण ती घेणारा माणूस पुढच्या स्टेशनवर ते खिडकीबाहेर फेकू शकत होता. लक्ष्मीबाईंना मात्र या निर्णयाची किती किंमत मोजावी लागली, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे भेट एकाला मिळते आणि तिचा हिशेब दुसऱ्याच्या घरी होतो, असंही घडतं. वहिनी त्याच हिशेबाला भीत होत्या.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सरकारने हाती घेतला. 1954 साली मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. 1956 साली तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांचा धर्मांतरासाठी उपयोग होतो, असा त्याचा सूर होता. ख्रिस्ती लोकांनी तो एकतर्फी म्हणून नाकारला. पुढे 1968 साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. बळाने, प्रलोभनाने किंवा फसवणुकीने धर्मांतर करायला त्याने बंदी घातली. प्रलोभनाच्या व्याख्येत रोख किंवा वस्तूच्या रूपातली भेट आली. धर्मांतर अज्ञान मुलाचं असेल तर शिक्षा दुप्पट: एका वर्षाऐवजी दोन वर्षांपर्यंत कैद. याच कायद्याखाली तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यातल्या बलौदाबाजार इथे रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर खटला भरला गेला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1977 साली न्यायालयाने कायदा वैध ठरवला. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असं त्या निकालाने सांगितलं. 2000 साली छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा हा कायदा नव्या राज्याबरोबर आला.

फ्रोबेलची 'भेट' आणि कायद्यातली 'भेट' हे दोन अर्थ माझ्या व्हरांड्यात समोरासमोर आले ते असे. मंडळ सुरू केलं तेव्हा मी नियम केला की बटण घरी न्यायचं नाही. कारण सांगितलं ते मोजणीचं, लहान भावंडांच्या सुरक्षिततेचं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण भीती हेही होतं. बाहेरचं मूल आलं आणि माझ्या घरातली वस्तू त्याच्या खिशात सापडली, तर तिला उद्या कोण काय नाव देईल?

तरी आमच्या खेळांचं स्वरूप पाहिलं तर हसू यावं. भिंगरीसाठी कोटाचं मोठं बटण लागतं. हातभर लांब दुहेरी होईल एवढा दोरा दोन भोकांतून ओवायचा, टोकांना गाठ मारायची. बटणाला चार भोकं असतील तर तिरपी समोरासमोरची दोन घ्यायची, नाहीतर ते डगमगतं. दोन्ही हातांच्या बोटांत दोऱ्याचे फासे अडकवायचे, बटण मध्ये आणून दोऱ्याला पीळ द्यायचा आणि ओढायचं, सैल सोडायचं, पुन्हा ओढायचं. नवशिका नुसता ओढत राहतो आणि बटण थांबतं. सैल सोडायला शिकलं की ते गाऊ लागतं. छत्तीसगडी मुलांच्या हाताला भौंऱ्याची, म्हणजे भोवऱ्याची सवय असते, ती हे लवकर शिकतात.

मग एकी-बेकी. मुठीत बटणं लपवायची आणि समोरच्याने सम की विषम ते ओळखायचं. मग कोणाकडे बटण: सगळ्यांनी गोल बसून हात जोडून धरायचे, एकाने प्रत्येकाच्या ओंजळीतून हात फिरवत गुपचूप एकात बटण सोडायचं आणि राज्य असलेल्याने चेहऱ्यांवरून चोर हेरायचा. उडी-बटण हा खेळ इंग्रजांचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये निघालेला. सतरंजीवर लहान बटण ठेवून मोठ्या बटणाने त्याची कड दाबली की ते टुणकन उडतं. ते वाटीत पडलं पाहिजे. फरशीवर ते उडत नाही, खाली कापड हवंच. पाऊस असला की खडूने पट आखून, बटणांच्या सोंगट्या आणि फोडलेल्या चिंचोक्यांचे फासे करून अष्टाचंग. आणि रोज पंधरा मिनिटं शिवण. बटण कापडावर ठेवून त्याच्यावर काडीपेटीची काडी आडवी धरायची, तिच्यावरून टाके घ्यायचे, काडी काढायची, बटण वर ओढून त्याच्याखाली दोऱ्याचे चार वेढे द्यायचे. असं बटण कापडापासून थोडं वर राहतं आणि काजात नीट बसतं. हे आजीचं.

मुलगे शिवायला लाजत. त्यांना मी माँटेसोरीबाईंच्या चौकटींची गोष्ट सांगितली. 1907 साली रोममध्ये मारिया माँटेसोरी यांनी गरीब वस्तीत 'मुलांचं घर' उघडलं. त्या घरालाही इटालियनमध्ये 'काझा'च म्हणतात. तिथल्या साहित्यात लाकडी चौकटीला ताणलेल्या कापडाच्या दोन पट्ट्या असत, एकीला काजं, दुसरीला बटणं. मुलाने आपला कपडा आपण घालायला शिकावं, मोठ्यांवर अवलंबून राहू नये, एवढ्यासाठी. माँटेसोरी 1939 साली भारतात आल्या आणि युद्धकाळात इथेच राहिल्या. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई मोडक यांनी हे विचार मराठी-गुजराती मुलांसाठी घेतले होते. 1926 साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला आणि पुढे बोर्डीला, मग कोसबाडला, अनुताई वाघ यांच्यासह महागडं परदेशी साहित्य बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे, पानं यांतून शिकवलं. या परंपरेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूल आपल्याला हवं ते काम उचलतं, हवा तितका वेळ करतं आणि नको झालं की जागेवर ठेवून उठतं. उठून जाण्याची मोकळीक हा त्या शिक्षणाचाच भाग आहे.

इथे मला वहिनींचं उत्तर सापडलं. भेट लहान आहे की मोठी, यावर ती आमिष आहे की नाही हे ठरत नाही. दुष्काळातली भाकरी मोठी होती आणि आवश्यकही होती. घेणाऱ्याला काही देणं न लागता उठून जाता येतं का, यावर ते ठरतं. टिळकांना जाता येत होतं. शारदा सदनातल्या काही मुलींना जाता आलं, काहींना नाही. बिश्रामपूरच्या कुळाला फारसं नाही. माझ्या पूर्वजांमध्ये दोन्ही प्रकारचे लोक असतील, आणि मी त्या सगळ्यांची नात आहे. त्यांना वाचवलं गेलं याची कृतज्ञता मला आहे. त्यांना विचारलं गेलं असेलच, अशी खात्री मला देता येत नाही.

मी वहिनींच्या घरी गेले आणि सरळ सांगितलं. "चार ते पावणेपाच नुसते खेळ आणि शिवण. पावणेपाचला आम्ही गाणं म्हणतो, बायबलमधली गोष्ट सांगते, प्रार्थना करतो. ते आमच्या चर्चच्या मुलांसाठी. तुमचा मुलगा यायचा असेल तर खेळायला येऊ दे. पावणेपाचला तो घरी जाईल. तुम्ही बसलात तर आणखी चांगलं."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याला थांबावंसं वाटलं तर?"

"तुम्ही हो म्हणेपर्यंत नाही."

"आणि ती भिंगरी? ती घरी न्यायची नसते म्हणे. तो त्यासाठीच रडतो."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांच्याकडे होतं. पुढच्या शनिवारी मुलगा आला तो मुठीत एक काळं बटण घेऊन, त्याच्या आजोबांच्या जुन्या कोटाचं. दोराही घरचाच. वहिनी व्हरांड्याच्या कठड्यावर बसल्या. मुलाने भिंगरी ओवली, पहिल्यांदा तिरप्या भोकांऐवजी शेजारच्या भोकांतून, मग बरोबर. ती गाऊ लागली तेव्हा पावणेपाच व्हायला आले होते. वहिनींनी हाक मारली आणि तो भिंगरी फिरवतच फाटकाबाहेर गेला. आत मुलांनी पेटीवर गाणं सुरू केलं होतं.

मला वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. खेळात एक असलेली मुलं मी घड्याळ पाहून दोन केली होती. त्यातल्या एका मुलीने विचारलंही, "मावशी, तो का गेला?" मी म्हटलं, "त्याला घरी जायचं होतं." ते पूर्ण खरं नव्हतं. पण फाटक उघडं होतं, तो बटणासकट बाहेर पडू शकला आणि त्याच्या आईला माझं काही देणं नव्हतं. या मुलखात माझ्या आधी ज्यांनी मुलं गोळा केली, त्यातल्या पुष्कळांना इतकं सोपं फाटक ठेवणं परिस्थितीने जमू दिलं नाही. मला जमतं, म्हणून ते ठेवायलाच हवं.

तो आता दर शनिवारी येतो. वहिनी कधी बसतात, कधी नाही. परवा त्यांनीच घरातून बटणांनी भरलेली एक काचेची बरणी आणली आणि आमच्या डब्यात ओतू लागल्या. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "वहिनी, वेगळी राहू द्या. तुमची तुम्हाला परत न्यायला बरं पडेल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बरणी शेजारी ठेवली. आता शुक्रवारी मी साठ बटणं आमच्या डब्यातली मोजते आणि शनिवारी संध्याकाळी वीस त्यांच्या बरणीतली. मुलं खेळताना ती मिसळतात. वेगळी करताना मलाच कधी कधी आठवत नाही कुठलं कोणाचं, आणि मग मी वहिनींना विचारते.